एक गोष्ट अकराजणींची

हातातलं काम थांबवू नका, ते चालू ठेवूनच ऐका. आजची गोष्ट कामातच जन्मली आहे.

मागच्या माघात आमच्या गटातल्या अकराजणी एका आखाड्यावर हळदीच्या कामाला बसलो होतो. एका बाजूला कुकरमध्ये हळद शिजत होती, आणि आम्ही गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत होतो. असल्या कामात हात गुंततात, तोंड मोकळं राहतं. सकाळपासून गावातल्या सगळ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढून झाल्या. दुपारी भाकरी खाल्ल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "खऱ्या माणसांचं पुरे झालं बायांनो. आता एक खोटं माणूस काढू." आणि तिनंच सुरुवात केली. एक सगुणा आहे. तिची अर्धा एकर हळद आहे. हळद विकून आलेले पैसे सासूनं कुठंतरी लपवून ठेवलेत. एवढं बोलून ती गप्प बसली.

दुसरी म्हणाली, "मग मी सासू." तिसरी म्हणाली, "मी नणंद, पण मी सगुणाच्या बाजूची." चौथी आडत्या झाली. पाचवीला काही उरलंच नाही, तेव्हा ती म्हणाली, "मी शेळी. मला सगळं दिसतं, पण मला कुणी विचारत नाही." हसून हसून आमची हळकुंडं हातातून सांडली. संध्याकाळी पाट्या उचलताना जिला तिला एकच घोर, पुढं काय?

ती गोष्ट आम्ही वर्षभर चालवली. दर गुरुवारी बचतीचे पैसे जमा झाले, वहीत सह्या-अंगठे झाले, की अर्धा तास सगुणाचा. अनेकजणींनी मिळून एक गोष्ट कशी चालवायची, ती कुठं अडते आणि कुठं बोचते, ते आज सांगतो. तुमच्या गटात करून बघायचं असेल तर आमच्या चुका तरी तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

आधी एक गोष्ट कबूल करतो. आम्हाला वाटलं होतं, आपण काहीतरी नवीन काढलं. आमच्यातल्या सगळ्यात वडील मावशींनी आम्हाला जमिनीवर आणलं. त्या म्हणाल्या, "नवीन कसलं? जात्यावर आम्ही दुसरं काय करत होतो?"

खरंच आहे. जातं ओढायला दोघी समोरासमोर बसायच्या. खुंट्याला दोघींचे हात. एकीनं ओवीची पहिली ओळ सोडायची, दुसरीनं ती उचलायची, कधी तशीच म्हणायची, कधी तिला आपली ओळ जोडायची. पहिल्या ओव्या मोजून देवाला, आईबापाला वाहायच्या. मग दळण जसं रंगात येईल तसं भाऊ, लेक, माहेर, सासर सगळं जात्याभोवती येऊन बसायचं. ओवी कुणी केली ते कुणी विचारत नव्हतं. एकीच्या ओवीत भावाचं नाव असेल तर दुसरी तिथं आपल्या भावाचं नाव घालायची आणि ओवी तिची व्हायची. ओवीत एक जागा जणू मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. ज्या बाईला गरज असेल तिनं तिथं बसावं.

आणि नुसतं आपलंच गाणं नाही. जात्यावरची बाई दुसऱ्या कुणाचं तरी होऊन बोलते. ती सीता होते, आणि सीतेचा वनवास गाता गाता कैकेयी थेट आपल्या ओळखीच्या सासूसारखी बोलायला लागते. ती रुक्मिणी होते आणि विठोबावर रुसते, का तर तो जनीच्या घरी दळायला गेला म्हणून. नवऱ्याला जे तोंडावर बोलता आलं नाही ते तिनं रुक्मिणीच्या तोंडून विठोबाला सुनावलं. विठोबा काय, ऐकून घेतो.

जनी म्हणजे आपली जनाबाई, गंगाखेडची. ज्या नामदेवांच्या घरी ती राबली, त्यांचं गाव म्हणून आपण आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीला नमस्कार करतो. जनीच्या अभंगांतला विठोबा दळू लागतो, शेण वेचू लागतो, तिचे केस विंचरतो. दिवसभर ज्या बाईला हाताखाली कुणी नव्हतं, तिनं प्रत्यक्ष देवाला आपल्या कामातली भूमिका देऊन टाकली. पंचमीच्या फेरात आपण ती गाणी म्हणतो, पण तिनं केवढी मोठी करामत केली ते आमच्या ध्यानात सगुणाची गोष्ट चालवतानाच आलं.

या ओव्या कुणी गोळा केल्या तेही सांगितलं पाहिजे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइटवँ या दोघांनी १९८० नंतरच्या वर्षांत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या लिहून आणि ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. हजाराहून जास्त गावांतल्या बायांच्या त्या ओव्या आहेत, आणि आता 'पारी' या संकेतस्थळावर मोबाइलवरही ऐकता येतात. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या १९९६ मध्ये घेतलेल्या ओव्या आहेत. चाल जुनी, जात्याचीच; पण त्यात बाबासाहेब येतात, रमाई येते, बुद्ध येतो. जुन्या साच्यात कुणाला बसवायचं ते बायांनी स्वतः ठरवलं. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आता लग्नातल्या हळदीपुरतं बाहेर निघतं. गिरणीवर डबा ठेवून आपण घरी येतो हे सुखच आहे, जात्याची घरघर परत यावी असं आमच्यातल्या कुणालाच वाटत नाही. पण समोर बसून आपली ओळ उचलणारी बाईही जात्याबरोबर गेली.

तर सगुणाकडं येऊ.

पहिल्या महिन्यातच गोष्ट बसली. कारण असं झालं की आमच्यातली एक बोलायला फार हुशार. तिची पाळी आली की ती सगुणाला विहिरीवर नेई, तिथून तालुक्याला नेई, वकील करून देई, खटला जिंकून देई आणि मगच थांबे. पुढचीनं काय बोलायचं? ती नुसती "हो, तसंच झालं" म्हणायची. तिसऱ्या गुरुवारी चौघी आल्याच नाहीत.

आमच्या गटातली एक मुलगी रत्नागिरीकडं नर्सिंगला होती. तिनं तळकोकणातला दशावतार पाहिलेला. तिनं सांगितलं की दशावतारात लिहिलेले संवाद नसतातच. खेळाआधी मंडळीतला जाणता माणूस कथा सांगतो, कुणी कोण व्हायचं ते ठरतं, कुठून कुठं जायचं ते ठरतं, आणि मग रात्रभर नट आपापलं बोलणं तिथल्या तिथं रचतात. पुस्तक नाही, आडून सांगणारा नाही. मग गोंधळ कसा होत नाही? कारण राजा झालेला नट बोलता बोलता प्रधानाला उत्तर द्यायला जागा करून देतो. समोरच्याला अडवून ठेवणारा नट कितीही गोड बोलला तरी मंडळीत त्याची किंमत राहत नाही.

हे ऐकून आम्ही ठरवलं की बोलणं संपवताना गाठ मारायची नाही, धागा सोडायचा. सगुणानं पैसे मागितले, इथं थांब. सासू काय म्हणाली ते सासूनं सांगावं. दारात कुणीतरी आलं, इथं थांब. कोण आलं ते पुढचीनं ठरवावं. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघा. जिला गोष्टीचा शेवट सुचलाय तिनं तो गिळून गप्प बसायचं म्हणजे तोंडात पाणी धरून आरती म्हणण्यासारखं आहे. आमच्या त्या हुशार बाईला दोन महिने लागले. पण मजा अशी की तिला सुचलेल्यापेक्षा भलतंच काहीतरी पुढची बोलायची, आणि तिचीच उत्सुकता वाढायची. आता ती सगळ्यात छोटं बोलते आणि सगळ्यात अडचणीच्या जागी थांबते.

दुसरा नियम भांडणातून आला. एकदा नणंद झालेली बोलता बोलता म्हणाली, "मग सासू रडायला लागली." सासू ताडकन म्हणाली, "मी नाही रडले. तू कोण मला रडवणारी?" आधी हसलो, मग कळलं की ती बरोबर बोलतेय. जिची भूमिका तिचंच तोंड. तू सासूला शिवी दे, तिच्यापुढं ताट आपट, पण त्यावर ती रडेल का हसेल ते तिच्या हातात. घरात आपल्या वतीनं बोलणारे पुष्कळ असतात. "तिला काय कळतंय", "ती तयार आहे", "तिची काही हरकत नाही", हे आपल्याला न विचारताच कुणीतरी सांगून मोकळं होतं. निदान गोष्टीत तरी तसं नको. याच नियमात हेही आलं की दुसरीच्या माणसाला तिच्या परवानगीशिवाय मारायचं नाही, गाव सोडायला लावायचं नाही आणि त्याचं लग्नही लावायचं नाही.

मारण्यावरून आठवलं. सासू आषाढात मेली आणि पोळ्याला तिनं पुरणपोळ्या केल्या. असं झालं की मधे पेरणी-खुरपणीत पाच गुरुवार बुडाले, आणि मेलेली सासू कुणाच्या लक्षातच राहिली नाही. तिला तापातून उठवून बसवावं लागलं. शेळी कधी काळी होती, कधी तांबडी. सगुणाच्या लेकराचं बारसं दोनदा झालं, दोन्ही वेळा नाव वेगळं. तेव्हापासून बचतीच्या वहीच्या मागच्या पानांवर गोष्टीचा हिशेब ठेवतो. कोण कोणाचं कोण, कुणाला काय ठाऊक आहे, काय घडून गेलं आणि काय अजून लपलेलं आहे. जी आली नाही तिची भूमिका कुणी उचलायची नाही. तिचं माणूस तेवढे दिवस माहेरी गेलं किंवा बाजाराला गेलं असं समजायचं. आमच्या दोघी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या तिकडून मोबाइलवर आपलं बोलणं पाठवतात, आणि आम्ही ते गुरुवारी सगळ्याजणी ऐकतो. पालावरच्या आवाजांतून आडत्याचा आवाज येतो तेव्हा आम्ही सगळ्या मोबाइलवर वाकलेल्या असतो.

वही लिहिते ती बारावी झालेली सून. तिच्यावरून एक धडा मिळाला. तिनं एकदा मागच्या गुरुवारचं वाचून दाखवलं, तर त्यात सासू म्हणत होती, "मला अत्यंत दुःख झाले." मावशी म्हणाल्या, "हे मी कधी म्हणाले? मी म्हणाले माझं काळीज करपलं." पोरीचा हेतू चांगला होता, तिला वाटलं लिहिताना नीट भाषा पाहिजे. पण ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं बोलणं लिहिणारीच्या हातात असतं, आणि तिनं ते सुधारलं की ते त्यांचं राहत नाही. आता जसं बोललं तसं लिहायचं, आणि पुढच्या गुरुवारी जिचं तिला वाचून दाखवायचं.

आता जरा नाजूक भागाकडं येतो.

एकनाथ महाराजांचं एक भारूड तुम्ही सगळ्यांनी ऐकलं असेल, भवानीला रोडगा वाहण्याचं. त्यातली बाई देवीला नवस बोलते की सासऱ्याला उचल, सासूला उचल, नणंदेचं बघ, शेवटी नवऱ्यालाही ने आणि मला एकटीला राहू दे. पैठणच्या संतानं सोळाव्या शतकात सुनेचा पदर डोक्यावर घेऊन हे लिहिलं. त्याचा आतला अर्थ परमार्थाचा आहे, कीर्तनकार तो उलगडून सांगतात. पण ऐकायला बसलेल्या बाया आधी हसतात, आणि का हसतात ते त्यांनाच ठाऊक. एकनाथांना कुणी म्हणालं नाही की तुम्हाला सासू मरायला हवी आहे. बोलणारी ती सून, एकनाथ नव्हेत. सोंगाचा हाच उपयोग आहे. सोंग घेतलं की आपल्याला बोलता येतं, आणि ऐकणाऱ्यालाही ऐकता येतं.

आमच्या गोष्टीत पहिले तीन महिने सासू वाईट होती. सगळ्यांना तेच हवं होतं. मग एका गुरुवारी सगुणानं विचारलं, "आत्या, पैसे ठेवले तरी कुठं?" आणि धागा सोडून थांबली. सासू झालेल्या मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या लग्नानंतर वीस वर्षं माझ्या हातात रुपया कसा असतो ते मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा आला तो तुझ्या हळदीचा. मला तो मोडवेना. रात्री उठून नुसता हात लावून बघते." खोलीत कुणी हललं नाही. चहा गार झाला. आम्ही विचारलं नाही की हे सासूचं की मावशींचं. विचारायचं नाही असा आमच्यात तेव्हापासून अलिखित करार आहे.

धाकट्या सुनांना मात्र ते पटलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणजे आता सासूचं सगळं माफ? त्यांचा राग खोटा नव्हता. यावर आम्ही एक युक्ती वापरली, आणि ती आमची नाही. ब्राझील देशात ऑगस्तो बोआल नावाचे नाटकवाले होते, १९३१ ते २००९ हा त्यांचा काळ. त्यांच्या नाटकात अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, आणि तो पुन्हा सुरू केल्यावर बघणाऱ्यातल्या कुणीही "थांबा" म्हणून उठायचं, पीडलेल्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहायचं आणि वेगळं वागून दाखवायचं. आपल्याकडं पश्चिम बंगालात जन संस्कृती ही मंडळी गावागावांत असे खेळ करते आहे. आम्ही तोच प्रसंग पुन्हा घेतला. सगुणाच्या जागी आळीपाळीनं चारजणी बसल्या. एक भांडली, एक रडली, एकीनं पोलिसांचं नाव काढलं. चौथी म्हणाली, "आत्या, पैसे तुमच्याकडंच राहू द्या. पण खातं माझ्या नावावर काढू आणि पासबुक तुम्ही सांभाळा." मावशी गडबडल्या. सासूला काय उत्तर द्यावं ते त्यांना त्या दिवशी सुचलं नाही. पुढच्या गुरुवारी त्या आल्या त्या विचारतच, "पासबुकात किती आहेत ते मला वाचता कुठं येतंय?" तिथून आमच्या गोष्टीत सासूचं अक्षर शिकणं सुरू झालं. खरी मावशी सध्या आकडे ओळखते.

आता आमची चूक. आमच्यातल्या एकीनं गोष्टीत नथ आणली. सगुणाची नथ नवऱ्यानं तिला न सांगता गहाण टाकली आणि ती तिला दुसरीच्या नाकात दिसली. प्रसंग इतका रंगला की आम्ही तो रेडिओवर सांगितला. आठ दिवसांनी कळलं की हे गावातल्या एका सुनेच्या घरात जसंच्या तसं झालं होतं. ती आमच्या गटात नव्हती. सांगणारीनं नाव घेतलं नव्हतं, पण गावाला नाव लागतं कुठं? ती पोर पाणी भरायलाही उजाडायच्या आत येऊ लागली, म्हणजे कुणी भेटू नये.

आम्ही दोघी-तिघी तिच्या घरी गेलो. तिनं बसायला सतरंजी टाकली, चहा केला. म्हणाली, "तुमची सगुणा खोटी आहे म्हणून तुम्हाला सोपं जातं. मी खरी आहे." आमच्याकडं उत्तर नव्हतं. दोन गुरुवार गोष्ट बंद ठेवली. मग ठरवलं की आपल्या स्वतःच्या आयुष्यातलं जिला जे घालायचं ते घालावं, ती तिची मर्जी. दुसरीच्या घरातलं घालायचं तर तिला विचारून, आणि ती नाही म्हणाली तर विषय संपला. रेडिओवर जाण्याआधी सगळ्याजणींनी एकदा ऐकायचं आणि एकीनं जरी मान हलवली तरी तो भाग द्यायचा नाही. नथीचा प्रसंग आम्ही वहीतून काढला. ती सून अजून गटात आलेली नाही. भेटली की बोलते.

त्यानंतर आणखी एक सवय लावून घेतली. सुरू करताना सगळ्या मिळून म्हणतो, "आता गोष्ट." आणि संपल्यावर प्रत्येकीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारून चहा द्यायचा. पोरकटपणा वाटेल. पण नणंदेनं आडत्याला दिलेल्या शिव्या घेऊन खऱ्या दोघी घरी जायला नकोत. एकदा चहा न घेता पांगलो होतो, तर दुसऱ्या दिवशी गिरणीवर दोघी एकमेकींशी बोलेनात.

तुमच्या गटात सुरू करायचं तर पाच-सहाजणी पुरेत. नवरा-सासूपासून सुरुवात करू नका, तिथं सगळ्यांचा हात दुखरा असतो. शेळी, विहीर, एसटी, बाजारातली तराजू अशांना बोलतं करा. जी कधीच बोलत नाही तिला आधी असलीच भूमिका द्या. आमच्यातली शेळी झालेली बाई चार वर्षांत गटाच्या बैठकीत "हो" आणि "नाही" याच्यापलीकडं बोलली नव्हती. शेळी म्हणून तिनं अख्ख्या घराची झडती घेतली. मागच्या महिन्यात बँकेच्या माणसाला व्याजाचा हिशेब पुन्हा मांडायला लावला तो तिनंच.

सगुणाची गोष्ट सध्या अशी आहे. यंदाची हळद वाळून पोत्यात भरलेली आहे. नवरा ऊसतोडीवरून परत आलाय. पासबुक सासूच्या ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली तिच्या कमरेला. शेळी दाराशी बांधलेली. नवऱ्यानं पायातली चप्पल काढली, पाणी प्यायला, आणि आईला विचारलं, "किल्ली दे." या गुरुवारी पाळी मावशींची आहे.